चार एमबीपीएसवर नीट चालणारा फोन वीस एमबीपीएसवर का तुटला?

विम्याच्या दाव्यांचं काम करणाऱ्या एका कंपनीच्या तीसेक शाखांचं नेटवर्क आम्ही एमपीएलएस या भाड्याच्या खाजगी जाळ्यावरून एसडी-वॅनवर, म्हणजे साध्या इंटरनेट लाइनी सॉफ्टवेअरने हाताळणाऱ्या व्यवस्थेवर, नेलं. काम वेळेत झालं, लाइनी पूर्वीपेक्षा कितीतरी मोठ्या झाल्या. पाचव्या आठवड्यात एका शाखेतून तक्रार आली की ग्राहकांशी बोलताना आवाज तुटतो. तेच फोन, तीच माणसं, तेच हेडसेट ४ एमबीपीएसच्या (सेकंदाला चार मेगाबिट) जुन्या लाइनवर वर्षानुवर्षं विनातक्रार चालले होते. आता नुसत्या अपलोडलाच २० एमबीपीएस होते, आणि आवाज तुटत होता.

तक्रार मिटायला सहा आठवडे गेले. त्यातले पहिले चार आम्ही चुकीच्या जागी घालवले, आणि ते कसे गेले हे सांगणं मला उत्तराइतकंच गरजेचं वाटतं.

जुनी व्यवस्था

एमपीएलएस म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीचं खाजगी जाळं. प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यावर, एक लेबल चिकटवलं जातं आणि आतले राउटर ते लेबल पाहून पॅकेट पुढे ढकलतात. याची रचना सांगणारा आरएफसी ३०३१ हा इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज २००१ सालचा आहे, म्हणजे तंत्र चांगलं मुरलेलं. प्रत्येक शाखेत त्या कंपनीचा राउटर बसवलेला असायचा. करार करताना आम्ही एक तक्ता भरून दिला होता: आवाजाला पहिला मान, दाव्यांच्या सॉफ्टवेअरला दुसरा, बाकी सगळं शेवटी. तक्ता दिला आणि विसरलो. राउटरला पासवर्ड त्यांचा, कॉन्फिगरेशन त्यांचं. आम्ही फक्त केबल लावायचो.

त्रास होता तो वेगाचा. दाव्याची कागदपत्रं स्कॅन करून शाखेतून डेटा सेंटरला जातात आणि एकेक गठ्ठा साधारण ५० एमबीचा, म्हणजे ४०० मेगाबिटचा असतो. ४ एमबीपीएसवर एक गठ्ठा जायला पावणेदोन मिनिटं, आणि दोघांनी एकदम पाठवला की साडेतीन. माणसं वैतागली होती आणि त्यांचं वैतागणं रास्त होतं.

म्हणून एसडी-वॅन. प्रत्येक शाखेत दोन साध्या इंटरनेट लाइनी: एक फायबर, डाउनलोड १०० आणि अपलोड २० एमबीपीएस, दुसरी ४जी. शाखेतला बॉक्स दोन्ही लाइनींवरून डेटा सेंटरपर्यंत एनक्रिप्टेड टनेल, म्हणजे इंटरनेटमधून जाणारी बंदिस्त वाट, बांधतो, प्रत्येक टनेलमधून दर सेकंदाला एक छोटं तपासणी-पॅकेट पाठवतो, आणि त्यावरून लेटन्सी (लागणारा वेळ), जिटर (त्या वेळेतला चढउतार) आणि लॉस (वाटेत गळालेली पॅकेटं) काढतो. कुठली वाहतूक कुठल्या वाटेने जायची याचे नियम एका मध्यवर्ती कंट्रोलरवर लिहायचे. बॉक्स ते तिथून घेतात. निर्णय एका जागी आणि पॅकेट ढकलणं दुसरीकडे, ही विभागणी काही आमच्यासारख्या कंपन्यांसाठी सुचलेली नव्हती. गूगलने आपल्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या बी-४ या जाळ्याबद्दलचा शोधनिबंध २०१३ साली मांडला, तेव्हा तिची ताकद सगळ्यांना दिसली. छोट्या शाखांपर्यंत ती पुढच्या काही वर्षांत पोचली.

आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी सोय म्हणजे शाखेत कुणी जावं लागत नाही. बॉक्स कुरियरने जातो, तिथलं कुणीतरी दोन वायरी खोचतं, बॉक्स कंट्रोलरला शोधतो आणि आपलं टेम्पलेट, म्हणजे सेटिंगचा ठरलेला साचा, उतरवून घेतो. तीस शाखा तीन आठवड्यांत झाल्या. या शाखेत तर आमच्यापैकी एकानेही पाऊल ठेवलं नव्हतं. ही सोय लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

सगळं हिरवं

डॅशबोर्डवर शाखेच्या दोन्ही लाइनी हिरव्या होत्या. फायबरची लेटन्सी १८ मिलिसेकंद, लॉस शून्य. फायबर देणाऱ्या कंपनीकडे टिकीट टाकलं, त्यांनी लाइन तपासली, स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट पाठवला आणि दोष नाही म्हणून टिकीट बंद केलं. आम्ही रात्री स्वतः चाचणी घेतली. १०० आणि २०, करारात लिहिलेले आकडे जसेच्या तसे. मग माझं मत पडलं की हेडसेटच खराब असणार. नवे हेडसेट गेले. तक्रार तशीच.

मग आम्ही जे केलं त्याने गोष्ट आणखी बिघडली. आवाजासाठी नियम असा होता: लेटन्सी १५० मिलिसेकंद, जिटर ३० मिलिसेकंद किंवा लॉस १ टक्का यांपैकी काहीही ओलांडलं की कॉल दुसऱ्या लाइनवर न्यायचे. १५० हा आकडा हवेतून आलेला नाही. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका बाजूने लागणारा वेळ १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेक संभाषणांना त्रास जाणवत नाही. बॉक्स ही तुलना दहा मिनिटांच्या सरासरीवर करत होता. आम्हाला वाटलं, बॉक्स संथ आहे, त्याला चपळ करू. मोजणीचा काळ दहा मिनिटांवरून एक मिनिटावर आणला.

आता लाइन दिवसातून दोन-तीनदा लाल व्हायला लागली आणि कॉल ४जीवर उड्या मारू लागले. पण उडी नेहमी उशिरा पडायची, आवाज तुटून झाल्यावर. त्यात स्कॅनच्या गठ्ठ्यांसाठीही टेम्पलेटमध्ये "चांगली असेल ती वाट घ्या" एवढाच नियम होता. म्हणजे फायबर लाल झालं की गठ्ठेही कॉलच्या मागोमाग ४जीवर. तिथे अपलोडला जेमतेम ६ एमबीपीएस, म्हणजे फायबरवर २० सेकंदांत जाणारा गठ्ठा तिथे एक मिनिटाहून जास्त वेळ रस्ता अडवून बसायचा. मग ४जी लाल, सगळे परत फायबरवर. गर्दीतल्या लोकांनी शेजारची रांग पुढे सरकते म्हणून एकदम तिकडे धाव घ्यावी, तसं हे चाललं होतं.

शिवाय एक नवीच तक्रार आली: बाहेरच्या एका वेब पोर्टलवर काम करताना माणसं मध्येच लॉगआउट होतात. हे जरा समजून घेण्यासारखं आहे. टनेलमधून जाणारी वाहतूक एका लाइनवरून दुसरीवर गेली तरी आतले पत्ते बदलत नाहीत, त्यामुळे सेशन टिकतं. पण शाखेतून थेट इंटरनेटवर जाणाऱ्या वाहतुकीला प्रत्येक लाइनवर वेगळा सार्वजनिक पत्ता मिळतो. लाइन बदलली की समोरच्या सर्व्हरला वाटतं हा कुणी दुसराच आला, आणि तो दार लावून घेतो. "वाहतूक आपोआप चांगल्या वाटेवर जाते" या वाक्यात हा फरक कुणी सांगत नाही.

वही

चौथ्या आठवड्यात मी शाखेत गेलो. फोनच्या टेबलावर बसणाऱ्या मॅडमनी काही न बोलता एक दोनशे पानी वही पुढे केली. तीन आठवड्यांच्या नोंदी. तारीख, वेळ, आणि तिसऱ्या रकान्यात "त्यांना ऐकू येत नाही, मला येतं". जवळजवळ प्रत्येक ओळीत तेच. ११:५२. ११:५८. १२:०६. दुपारी दोननंतर क्वचितच काही.

आमच्याकडच्या कुठल्याच आलेखात ही माहिती नव्हती. आमचा आकडा जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेचा होता. बिघाड जाताना आहे की येताना, हे त्यातून कळतच नाही. वहीतल्या तिसऱ्या रकान्याने ते सांगितलं होतं. ग्राहकाचा आवाज शाखेत नीट येतो, शाखेचा आवाज ग्राहकाकडे नीट जात नाही. म्हणजे दोष अपलोडच्या दिशेला. हे वाचल्यावर मला आधीच्या चार आठवड्यांचं फार वाईट वाटलं, कारण "कुणाला कुणाचं ऐकू येत नाही?" हा एक प्रश्न आम्ही फोनवरही विचारू शकलो असतो.

मी त्यांच्या शेजारी खुर्ची घेतली, लॅपटॉपवरून फायबर देणाऱ्या कंपनीच्या (आयएसपीच्या) पहिल्या राउटरला पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी, लावून ठेवला आणि थांबलो. मागे स्कॅनर चालू होता. साडेबारापर्यंत आलेले दावे त्याच दिवशी नोंदले जातात, म्हणून बारा वाजण्याच्या आसपास गठ्ठे पाठवायची घाई असते, हे तिथे बसल्यावर कळलं. स्कॅनरवरच्या सहकाऱ्याने गठ्ठा बंद करून "पाठवा" दाबलं. पिंग ४ मिलिसेकंद होता. ४, ४, ९०, ३१०, ५६०, ६००. तिथेच थांबला. फोनवर ग्राहक "हॅलो? हॅलो?" करायला लागला.

"बघा सर, सुरू झालं. मला त्यांचं सगळं स्वच्छ ऐकू येतंय," मॅडम म्हणाल्या, आणि वहीत वेळ लिहिली.

वीस-बावीस सेकंदांनी पिंग परत ४ वर आला.

सहाशे मिलिसेकंद कुठे बसले होते

२० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २.५ एमबी. ६०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे वाटेत कुठेतरी दीड एमबी डेटा रांगेत उभा आहे. ती रांग होती फायबरच्या मोडेममध्ये. मेमरी स्वस्त झाल्यापासून अशा उपकरणांत भलेमोठे बफर, म्हणजे पॅकेटं थांबवून ठेवायच्या जागा, बसवले जातात. फाइली पाठवताना वेग ठरवणारा नियमसंच म्हणजे टीसीपी, आणि त्याचा स्वभाव असा की पॅकेट गळेपर्यंत तो वेग वाढवत राहतो. बफर मोठा असला की पॅकेट गळत नाही, नुसतं थांबतं, आणि टीसीपी आणखी ओतत राहतो. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याला "बफरब्लोट" हे नाव रूढ केलं. मोडेममध्ये सगळ्यांची एकच रांग असते. आवाजाचं २०० बाइटचं पॅकेट आणि स्कॅनचं दीड हजार बाइटचं पॅकेट, आधी आला तो आधी.

दोन्ही टोकांना पॅकेट कॅप्चर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांची नोंद, घेतला तेव्हा चित्र पूर्ण झालं. आवाजाच्या पॅकेटांवर अनुक्रमांक असतो, त्यामुळे जुळवणी सोपी. सेकंदाला ५० पॅकेट निघत होती आणि जवळपास सगळी पोचतही होती. पण अर्धा सेकंद उशिरा. पलीकडचा व्हॉइस गेटवे, म्हणजे कॉल फोनच्या जाळ्याला जोडणारं उपकरण, फार तर २०० मिलिसेकंद वाट पाहतो. त्यानंतर आलेलं पॅकेट टाकून देतो. लाइनच्या हिशोबी लॉस नगण्य, ऐकणाऱ्याच्या हिशोबी निम्मं वाक्य गायब.

मग डॅशबोर्ड हिरवा का? दहा मिनिटांत ६०० तपासणी-पॅकेटं. त्यांतल्या २० ना ६०० मिलिसेकंद जास्त लागले. सरासरीत भर पडली २० मिलिसेकंदांची. १८ चे ३८ झाले. १५० च्या मर्यादेला ते कुठे शिवणार? बॉक्स खोटं बोलत नव्हता. त्याला दहा मिनिटांची तब्येत विचारली होती, ती त्याने सांगितली. आणि रात्रीच्या स्पीड टेस्टमध्ये तर लाइनवर आमच्याशिवाय कुणीच नव्हतं.

खरी चूक

यानंतरचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आवाजाला पहिला मान द्या, हा नियम नव्या टेम्पलेटमध्येही होता. तो चालला का नाही?

प्राधान्य रांगेत मिळतं. रांगच नसेल तर पहिलं कोण आणि शेवटचं कोण याला अर्थ नाही. आमच्या बॉक्समध्ये रांग कधी लागतच नव्हती, कारण बॉक्सपासून मोडेमपर्यंतची इथरनेट केबल १ जीबीपीएसची होती आणि बॉक्सला वाटत होतं की लाइन तेवढीच आहे. हातात आलं ते त्याने त्याच क्षणी मोडेमकडे लोटलं. रांग लागली ती पुढच्या पेटीत, जिला आमचे नियम माहीत नाहीत.

बॉक्सला लाइनची खरी क्षमता सांगण्यासाठी शेपर असतो: बाहेर जाणारा वेग अमुक एमबीपीएसवर धरून ठेव. टेम्पलेटमध्ये तो रकाना होता. रिकामा. कारण प्रत्येक शाखेची लाइन वेगळी, आणि तीस शाखांना एकच टेम्पलेट झटपट लावायचं होतं. रकाना रिकामा असला की बॉक्स पोर्टचा वेग धरतो. तीसच्या तीस शाखांत हेच होतं. बाकीच्या शाखा स्कॅनचे गठ्ठे संध्याकाळी पाठवत होत्या, म्हणून तिथे दुखणं बाहेर आलं नव्हतं.

आणि ४ एमबीपीएसवर नीट का चालायचं, याचं उत्तरही इथेच आहे. जुन्या राउटरवर शेपर होता. तो एमपीएलएस देणाऱ्या कंपनीच्या कुणा इंजिनिअरने लावला होता, आमच्या तक्त्यातल्या रांगांसह. रांग त्या राउटरच्या पोटात लागायची आणि आवाज पुढे काढला जायचा. स्कॅन रखडायचे, पण बोलणं स्वच्छ राहायचं. आम्ही करार संपवला तेव्हा राउटर परत गेला, आणि त्याच्याबरोबर ते कामही गेलं. बदलाच्या यादीत ते कुठेच नव्हतं, कारण आम्ही ते कधी केलंच नव्हतं. एसडी-वॅनचा खर्च मांडताना लाइनीचं भाडं, बॉक्स, लायसन्स हे सगळं येतं. दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी निमूट करून ठेवलेलं काम त्या हिशोबात येत नाही, आणि ते मोजायला हवं असं माझं ठाम मत आहे.

दुरुस्ती

फायबरच्या अपलोडला १८ एमबीपीएसचा शेपर लावला, मुद्दाम खऱ्या क्षमतेहून थोडा कमी, म्हणजे मोडेममध्ये रांग लागूच नये. आवाजासाठी प्राधान्याची रांग. एका कॉलचं गणित असं: दर २० मिलिसेकंदांना १६० बाइट आवाज, त्यावर ४० बाइट हेडर, टनेलची आणखी साठ-सत्तर बाइट, सगळं धरून १०५ केबीपीएसच्या आसपास. शाखेत बारा फोन. सगळे एकदम चालू असले तरी सव्वा एमबीपीएस. आम्ही २ एमबीपीएसची कमाल ठेवली.

स्कॅनला फायबरवर बांधलं: लाइन पूर्ण बंद पडली तरच हलायचं, नुसती मंद झाली म्हणून नाही. वेब पोर्टललाही तसंच. कॉल हलवायची मुभा राहिली, पण परत यायची अट कडक केली: सोडलेली लाइन सलग दहा मिनिटं चांगली दिसल्याशिवाय परत फिरायचं नाही. यानंतर उड्या जवळपास थांबल्या.

पुढच्या मंगळवारी मी पुन्हा त्याच खुर्चीत. ११:५० ला गठ्ठा गेला. त्याला बावीस-तेवीस सेकंद लागले, पूर्वीपेक्षा दोन-तीन जास्त; कुणाच्या लक्षातही आलं नाही. मोडेमपलीकडचा पिंग ४ वरून ९ वर गेला आणि उतरला. मॅडमनी ग्राहकाला दोनदा विचारलं, "माझा आवाज नीट येतोय ना?" तिसऱ्यांदा विचारायला गेल्या तर तो म्हणाला, येतोय, तुम्ही पुढे बोला.

एक धोक्याची जागा मात्र नोंदवून ठेवतो. अनेक बॉक्स आपली तपासणी-पॅकेटं सर्वोच्च प्राधान्याने पाठवतात. रांग बॉक्समध्ये आल्यावर ती पॅकेटं रांगेत उभीच राहत नाहीत. म्हणजे आता साध्या वाहतुकीची कितीही कोंडी झाली तरी डॅशबोर्डवर लेटन्सी चांगलीच दिसणार. आम्ही प्रत्येक रांगेत गळालेल्या पॅकेटांचा आकडा वेगळा आलेखात घेतला आहे. रंगावर विसंबून राहायचं नाही, असं ठरवलंय.

अजून न सुटलेलं

बाकीच्या शाखांचे अपलोडचे आकडे करारातून न घेता त्या-त्या लाइनवर दुपारी मोजून भरले. दोन ठिकाणी करारात २० आणि प्रत्यक्षात १४ निघाले. तिथे शेपर १२ वर आहे आणि आयएसपीशी पत्रव्यवहार चालू आहे.

४जीचं कोडं राहिलं. फायबरची क्षमता ठरलेली असते, रेडिओची दर तासाला बदलते. एकच शेपर सकाळी फार घट्ट होतो आणि दुपारी फार सैल. आम्ही आतापर्यंत दिसलेल्या सगळ्यात वाईट वेगाच्या जवळ, ३ एमबीपीएसवर तो ठेवला आणि ४जीवर स्कॅन पूर्ण बंद केले. दोन महिन्यांनी रस्त्याच्या खोदकामात याच शाखेचं फायबर तुटलं. कॉल ४जीवर गेले, एकही तुटला नाही. पण गठ्ठे संध्याकाळपर्यंत अडकून राहिले, त्या दिवशीचे दावे दुसऱ्या दिवशी नोंदले गेले, आणि दावे विभागाने मला बोलावून विचारलं की हे कुणाला विचारून ठरवलंत. विचारलं नव्हतं, हे खरं. आता ४जीवर स्कॅनला १ एमबीपीएस दिला आहे. ५० एमबीचा गठ्ठा त्यावर पावणेसात मिनिटं घेतो. साडेबाराच्या आत त्यातून किती गठ्ठे निघतील आणि आधी कुठले पाठवायचे, ते शाखेने ठरवायचं आहे. यादी त्यांच्याकडून यायची आहे.